चार राखाडी चौकोन

आमच्या ऑफिसातल्या मीटिंगच्या टेबलाला एक भोक आहे. बोटाचं पेर आत जाईल एवढं खोल, कडेनं लाकूड फाटलेलं. नवीन माणूस कामाला लागला की बोलता बोलता त्याचं बोट तिथं जातंच, आणि हे काय म्हणून तो विचारतोच. आमचे साहेब, मिलिंदसर, लगेच विषय बदलतात. मी मात्र नंतर चहाला खाली गेलो की सांगून टाकतो. ते भोक अक्कानं पाडलंय, आणि पाडलं तेव्हा सरांचा पंजा अगदी त्याच्या शेजारी होता.

अक्काचं नाव सत्यलक्ष्मी, आमच्या ऑफिसात ॲप बांधायचं काम तिचं. तेलुगू विणकरांच्या घरातली, सोलापुरातच जन्मलेली आणि वाढलेली. तेलुगूत शिवी द्यायची, मराठीत समजूत घालायची आणि दखनी उर्दूत टोमणा मारायची. वय चाळिशीचं, उंच, हाडापेरानं दणकट, डावी भुवई मधोमध फाटलेली. चार यंत्रमाग एकदम खडखडतात त्या घरात लहानाची मोठी झालेली माणसं हळू बोलायला शिकतच नाहीत. अक्का फोनवर बोलायला लागली की खालच्या मजल्यावरचा झेरॉक्सवाला मान वर करायचा, आणि तिला मुळात फोनची गरज आहे का अशी आम्हाला शंका यायची.

लोकांचा राग नाकावर असतो, हिचा हातात होता. किती माऊस तिनं भिंतीवर आपटले असतील कोण जाणे. कीबोर्डला तोंड असतं तर त्यानं ठाण्यात जाऊन तक्रार दिली असती. एकदा प्रिंटरनं कागद अडकवला म्हणून तिनं त्याला लाथ घातली, आणि तो मुकाट चालू झाला. तेव्हापासून काहीही बंद पडलं की लोक अक्काला हाक मारायचे. डब्यात ज्वारीची कडक भाकरी असायची. आपण ती मोडून खातो. अक्का टेबलावर ठेवून बुक्कीनं फोडायची, आणि तुकडा उडून ज्याच्या पुढ्यात पडेल तो त्या दिवशी तिचा पाहुणा. "खा बे. लाजतोस काय नव्या सुनेसारखा?" म्हणून वर शेंगा चटणीचा ढीग वाढायची. मला या बाईची भीती वाटायची आणि ती रजेवर असली की करमायचंही नाही.

तिच्या टेबलावर कायम एक धोटा पडलेला असायचा. मागात आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. चालत्या मागावरून तो उडाला तर समोरच्याचा डोळा जातो. अक्का तो कागदांवर ठेवायची, त्यानं पाठ खाजवायची आणि बोलताना समोरच्यावर रोखायची.

पहिल्या दिवशी तो माझ्यावरही रोखला गेला. मी तिथं चित्रकार म्हणून लागलो, म्हणजे ॲपमधली बटणं, चिन्हं, चित्रं काढायला. मुलाखतीला अक्का समोर होती. माझी कामं मी इंटरनेटवर टाकली होती. ती दाखवायला मी फोन पुढं केला. तिनं तो हिसकावला, डेटा बंद केला आणि परत माझ्या हातात आदळला.

"आता दाखव."

पडदा पांढराफटक.

"कुटं गेलं काम तुझं? आजोळी गेलं?"

"नेट नाही ना मॅडम."

"नेट न्हाय तर तू चित्रकार न्हायस काय?"

मी उजनीच्या पाण्याकाठच्या गावचा. आमच्याकडे मोटार चालू झाली का हे विचारायला फोन लावायचा तर आधी बांधावर चढावं लागतं. चिडून मी तेवढं बोललो, तशी ती खूष झाली. "मग तुला कळतंय की. लाग उद्यापासून. आणि मॅडम म्हणू नको, अक्का म्हण." पुढं बघितलं तर ही तिची सवयच होती. कोणी काही नवं बनवलं की त्याचा फोन हिसकावायचा, डेटा बंद करायचा आणि म्हणायचं, आता दाखव. निम्म्या लोकांची फजिती तिथंच व्हायची.

तिचा लाडका भांडणाचा विषय एकच होता. ॲपमधल्या काही गोष्टी रोज बदलतात आणि काही कधीच बदलत नाहीत. चित्रं, आवाज, अक्षरांची वळणं या न बदलणाऱ्या. आमच्या धंद्यात त्यांना स्टॅटिक फायली म्हणतात, आणि त्या ठेवायच्या कुठं यावर प्रत्येक कामात डोकेफोड होते. ॲपच्या पोटातच भरल्या तर ॲप जड होतं, लोक उतरवून घ्यायला कंटाळतात. क्लाउडवर, म्हणजे लांब कुठल्या तरी भाड्याच्या जागेत ठेवल्या तर ॲप हलकं राहतं, पण दर वेळी नेटवरून मागवाव्या लागतात. आमचे मिलिंदसर पुण्याला राहून आलेले, त्यामुळे क्लाउडचे भक्त. अक्का त्यांना म्हणायची, "सोलापूरच्या माणसानं ढगावर भरवसा ठेवायचा? कधी वेळेवर आलाय का हितं?"

मग धोटा खाली ठेवून नीट समजावायची. "सगळंच पोटात भरा असं मी म्हणत न्हाय. ज्याच्यावाचून जीव अडतोय ते पोटात. शोभेचं ते ढगात. बाई घरातनं जीव घेऊन पळाली तर काय उचलती? लेकरू उचलती. शोकेसमधली बाहुली न्हाय उचलत."

तिची उदाहरणं नेहमी अशीच, मारातून पळणाऱ्या बाईची. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर आम्ही हसलो असतो.

त्याचं कारण मला कळलं ते पोलीस ठाण्याबाहेर. ऑफिस सुटून आम्ही निघालो होतो. रस्त्याच्या कडेला मोटारसायकल उभी करून एक माणूस बायकोच्या कानाखाली मारत होता. एक मारायचा, थांबायचा, तिच्याकडे बघायचा, मग पुढची. निवांत चाललं होतं त्याचं. लोक बघून न बघितल्यासारखं करत होते, आणि भांडण दिसलं की मला पलीकडच्या बाजूला काम निघतं. अक्का सरळ चालत गेली आणि तिनं त्याच्या नाकावर डोकं हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मला रस्त्यापलीकडं ऐकू आला. तो खाली बसला. तिनं त्याच्या बरगडीत लाथ घातली, पुन्हा घातली, आणि पुढची घालणार एवढ्यात मागून तिची वेणी कुणीतरी गच्च धरली. ती त्याची बायको होती. सुजलेल्या तोंडानं ती ओरडत होती, "माज्या नवऱ्याला मारतीस व्हय गं सटवे!" आणि अक्काचा गाल नखांनी सोलून काढत होती.

तक्रार अक्काविरुद्धच झाली. सर धावत आले, हातापाया पडून मिटवलं. बाहेर कट्ट्यावर अक्का बसली होती. गालावरचं रक्त ओढणीला लागत होतं. आता त्या बाईचा उद्धार होणार असं मला वाटलं. पण अक्का म्हणाली, "घरी गेल्यावर दुप्पट मार खाईल ती आज. माझ्यामुळं."

मी माझा रुमाल तिच्यापुढं धरला.

तिनं फाटक्या भुवईवर बोट ठेवलं. "हे कशानं झालं म्हणतात ऑफिसात?"

"धोटा लागला म्हणतात."

"बराबर म्हणतात. आमच्या गल्लीत कुठल्याबी बाईचा डोळा सुजला, ओठ फाटला, की एकच उत्तर. धोटा उडाला. मागाचं घर, कोण शंका घेणार? डॉक्टर बी तेच लिहितोय. माझा नान्ना, म्हणजे बाप, धोटा हातात धरून मारायचा अम्माला. अणीकडनं. मी मधी पडले त्या दिवसाची ही भुवई. आणि मारायच्या आधी काय करायचा माहीत हाय? चारी माग चालू करायचा. मग अम्मा वरडली काय, न वरडली काय. माग चालू असताना घरात खून झाला तर शेजाऱ्याला कळत न्हाय."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. झालाच की."

टेबलावरचा धोटा कुठला, हे मी तिला कधी विचारलं नाही. ती उठली, कपडे झटकले. "मी किती जणांची नाकं फोडू? हात दोनच हायत," म्हणाली आणि रिक्षा बघायला पुढं गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी बायकांसाठी काम करणारी एक संस्था आमच्याकडे आली, आणि ते काम अक्कानं दुसऱ्या कुणाला हात लावू दिलं नाही. बाहेरून ते पाककृतींचं ॲप होतं. शेंगा चटणी, धपाटे, बाजरीची खिचडी. नवऱ्यानं फोन तपासला तरी चटणीच दिसावी. त्या चटणीच्या फोटोवर बोट दाबून धरलं की आतलं पान उघडायचं आणि त्यावर चार चौकोनांत चार चित्रं. अक्षर एकही नाही, कारण बायका मराठी, कानडी, तेलुगू, दखनी अशा चार भाषा बोलणाऱ्या, आणि बऱ्याच जणींना वाचता येत नाही. चित्रं मी काढली. फोन म्हणजे संस्थेला फोन. घर म्हणजे आसऱ्याची जागा. कर्णा म्हणजे मोठा भोंगा वाजणार आणि शेजारीपाजारी जमणार. आणि ओठांवर बोट ठेवलेली बाई म्हणजे मुका निरोप. कसलाही आवाज न होता संस्थेच्या ताईंना साधा मेसेज जाणार आणि गाडी निघणार. भोंग्याला नेट लागत नव्हतं, मेसेजलाही लागत नव्हतं. अक्कानं सगळं तसंच बांधलं होतं.

मी काढत असताना ती खुर्चीमागं उभी असायची. "हिचं बोट अजून ठळक कर. डोळ्यात पाणी असताना दिसाया पायजे." असं सांगणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

बायकांचे फोन स्वस्तातले, जागा कमी, म्हणून ॲप हलकं हवं ही संस्थेची अट. अक्कानं क्षणात ठरवलं. चार चित्रं पोटात, चटणी ढगात. माझी चारी चित्रं मिळून चटणीच्या एका फोटोच्या निम्मीही जड नव्हती. विषय संपला असं समजून ती मावसबहिणीच्या लग्नाला तेलंगणात गेली.

ती तिकडं असताना उद्घाटन ठरलं. सर हॉल बघून आले. नेटवर्क कच्चं. मोठ्या पडद्यावर पाहुण्यांसमोर चटणी उमटलीच नाही तर शोभा व्हायची. म्हणून त्यांनी चटणीचे फोटो दाबून बारीक करून ॲपच्या पोटात घातले आणि तरीही जास्त होणारं थोडंसं वजन जमवायला चार चित्रं क्लाउडवर पाठवली. "आतलं पान कार्यक्रमात कोण उघडणार आहे? नंतर बदलून टाकू," म्हणाले. कार्यक्रम झकास झाला. पडद्यावर चटणी अशी झळकली की पाहुण्यांनी बरणी कुठं मिळेल म्हणून विचारलं. संस्थेच्या ताया त्याच आठवड्यात गावोगाव ॲप वाटायला निघाल्या.

अक्का परत आली. आल्या आल्या तिनं नव्या फोनवर ॲप टाकलं, ऑफिसच्या वायफायची वायर उपटली, डेटा बंद केला आणि चटणी दाबून धरली. चार राखाडी चौकोन उघडले. चित्र एकातही नाही. ती केबिनमध्ये गेली आणि दार लावायच्या भानगडीत पडली नाही.

"लेकरू आत टाकून बाहुली घेऊन पळालात की हो तुमी!"

सर म्हणाले, पुढच्या आवृत्तीत करू. आठवड्यात लगेच बदललं तर संस्थेला वाटेल आपलं काम कच्चं होतं. अक्कानं त्याच दिवशी दुरुस्त ॲप तयार करून ठेवलं. ते लोकांच्या फोनवर सोडायचा पासवर्ड मात्र सरांकडं. मग रोज सकाळी ती केबिनच्या दारात उभी राहायची. "सोडलं का?" सर म्हणायचे, बघू. एकदा बघू म्हणाले तेव्हा तिनं दाराला लाथ घातली आणि कडी तुटून सरांच्या चहात पडली. तरीही बघूच. अक्कानं संस्थेला फोन केला. त्या तायांना मात्र सर म्हणाले, होतंय, दोन दिवसांत. आणि ते दुरुस्त ॲप अक्काच्या कॉम्प्युटरवर बसून राहिलं.

ॲप मिळालेल्या बायकांतली एक महादेवी, वळसंगची. म्हणजे सासर वळसंगचं, माहेर मैंदर्गीचं, बोलणं अर्धं कानडी. संस्थेच्या ताईंनी तिच्या फोनवर ॲप टाकलं आणि चित्रं आपल्या फोनवर दाखवली. ओठावर बोट हाय ते दाबायचं, बाकी कशाला हात लावायचा न्हाय, असं चार वेळा घोकून घेतलं. तिच्या फोनचा रोजचा डेटा नवरा स्वतःच्या फोनवर ओढून दुपारच्या आत संपवायचा, हे कुणाला माहीत नव्हतं. अशाच एका दुपारी त्यानं तिला पट्ट्यानं मारायला सुरुवात केली. ती न्हाणीत शिरली, आतून कडी घातली, चटणी दाबून धरली. आणि तिच्यापुढं चार राखाडी चौकोन आले. बाहेर तो दार लाथाडत होता. तिनं एक चौकोन दाबला. तो कर्ण्याचा होता.

भोंगा वाजला. नवऱ्यानं दार तोडलं. तिचा हात पाट्यावर धरून त्यानं विचारलं, "कुठल्या बोटानं दाबलीस?" तिनं सांगितलं नाही. मग त्यानं वरवंट्यानं सगळीच बोटं ठेचली. शेजारी आत शिरले तेव्हा तो तिचं डोकं उंबऱ्यावर आपटत होता.

अक्का सरकारी दवाखान्यात जाऊन आली. मी सोबत होतो, दारापाशी. बँडेजच्या गोळ्यातून महादेवीचा अंगठा तेवढा दिसत होता. ती अक्काची क्षमा मागत होती. "चुकलं बघ अक्का माजं. चित्र दिसलंच न्हाय की. चारी बी एकसारके. मला काय कळंना झालं." अक्कानं तिच्या कपाळावर हात ठेवला. परत येताना रिक्षात ती इतकी गप्प होती की मला तिच्या ओरडण्याची आठवण यायला लागली.

सर मीटिंगच्या टेबलाशी होते. समोरच्या टीव्हीवर नवीन गिऱ्हाइकासाठी तीच शेंगा चटणी लावलेली. बातमी त्यांना आधीच कळली होती. चेहरा उतरला होता, हे खोटं बोलणार नाही. पण माणूस घाबरला की आधी स्वतःला वाचवतो. ते म्हणाले, "वाईट झालं. पण एक बघा, भोंग्यामुळंच शेजारी आले ना? म्हणजे फीचर चाललंच."

अक्कानं आपल्या टेबलावरचा धोटा उचलला. मला वाटलं फेकणार. तिनं फेकला नाही. चाचणीचा फोन घेतला, तेच जुनं ॲप नव्यानं टाकलं, डेटा बंद केला, चटणी दाबून धरली. फोन सरांपुढं ठेवला. मग त्यांच्या उजव्या हाताचं मनगट धरलं आणि पंजा टेबलावर सपाट दाबला. सरांनी ओढायचा प्रयत्न केला. मागाच्या घरातल्या बाईच्या पकडीतून हात सुटत नसतो.

"चार चौकोन हायत," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला हळू बोलताना ऐकलं. "डाव्या हातानं एक दाब. ओठावर बोट कुठलं ते शोध. चुकलास तर धोटा बोटांवर."

"अक्का, वेड लागलंय का तुम्हाला?"

"मी दार तोडायलेय. लवकर."

आम्ही सगळे उभे होतो आणि कुणीही पुढं झालं नाही. सरांच्या कपाळावरून घाम गळून फोनच्या काचेवर पडला. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. चित्रं मी काढली होती, क्रम मला पाठ होता. मी नजर खाली वळवली. सरांचा अंगठा एका चौकोनावरून दुसऱ्यावर गेला, परत आला. शेवटी त्यांनी डोळे मिटून दाबलं.

भोंगा वाजला.

धोटा खाली आला. सर किंचाळले. लोखंडी अणी टेबलात रुतली होती, त्यांच्या करंगळीला घासून, आणि करंगळीवरून रक्ताचा बारीक ओघळ निघाला होता. भोंगा वाजतच होता. तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

"तुझ्यावरचा घाव निदान टेबलानं खाल्ला. तिच्या बोटांनी खाल्ला," अक्का म्हणाली. मग धोटा उपसला, फिरवला आणि टीव्हीवरच्या चटणीच्या मधोमध हाणला. काच आत बसली, चटणी विझली. "पासवर्ड."

सरांनी तो स्वतः टाइप केला. अक्का आपल्या खुर्चीवर बसली आणि दुरुस्त ॲप सोडलं. नंतर आमच्या एकेकाचा फोन हिसकावून डेटा बंद केला आणि चारी चित्रं दिसतात का ते बघितलं. सगळ्यांच्या फोनवर दिसली. मग डबा, ओढणी आणि धोटा पिशवीत घालून ती जिना उतरली. तिला कुणी काढलं नाही आणि तिनं राजीनामाही दिला नाही. सर पोलिसांत गेले नाहीत. गेले असते तर धोटा का उचलला तेही सांगावं लागलं असतं. टेबल बदलायचं त्यांनी बरेचदा ठरवलं, पण ते आहे तसंच आहे. आता कुठल्याही ॲपमधली चित्रं कुठं ठेवायची हा विषय निघाला की सर आधी त्या भोकाकडं बघतात आणि मग बोलतात.

अक्का संस्थेबरोबर गावोगाव फिरते असं कानावर यायचं. फोन लावला तर "कामात हाय बे, नंतर" म्हणून कानठळ्या बसवायची आणि ठेवून द्यायची.

मग एकदाच दिसली. माझी सासुरवाडी मैंदर्गीची. बाजाराच्या दिवशी मेहुण्याबरोबर भाजी आणायला गेलो होतो, तर बाजाराच्या पलीकडच्या कडेला लिंबाखाली तरटावर अक्का बसलेली. पुढ्यात बायकांचं कोंडाळं. शेजारी महादेवी होती. जवळ जावं म्हणून मी गर्दीतून वाट काढायला लागलो. अक्कानं एका म्हातारीचा फोन हिसकावला, डेटा बंद केला आणि परत तिच्या हातात दिला. ओठांची हालचाल मला लांबूनच वाचता आली. आता दाखव.

तेवढ्यात एक माणूस त्या कोंडाळ्यात घुसला. त्यानं महादेवीचे केस धरले आणि तिला तरटावरून फरफटत ओढलं. "चल घरी! लई नाटकं झाली तुजी!" तो नवरा होता, जामिनावर सुटलेला. बायका किंचाळत मागं सरल्या. अक्का उठली होती आणि पिशवीतला धोटा तिच्या हातात आला होता. तिचा खांदा मागं गेलेला मी बघितला. त्या क्षणी मला खात्री होती की हा माणूस इथंच मरतो आणि अक्का जन्मभर तुरुंगात जाते.

"थांब अक्का!" महादेवी ओरडली.

ती गुडघ्यांवर होती. मान त्याच्या मुठीत वाकडी झालेली. पोलक्यातला फोन तिनं काढला होता आणि ती त्याच्याकडं बघत होती. घाई न करता बघत होती. तिची ठेचलेली बोटं जुळली होती ती वाकडीच. त्यातलंच एक वाकडं बोट तिनं पडद्यावर नेलं, एका चित्रावर ठेवलं आणि दाबलं.

भोंगा वाजला. बाजार एकदम वळला. तराजू, पाट्या, चपला, जे हातात होतं ते घेऊन भाजीवाल्या उठल्या. पहिला ताजवा त्याच्या तोंडावर बसला तेव्हा त्याची मूठ सुटली. नंतर तो मला दिसला नाही, नुसते वर जाणारे आणि खाली येणारे हात दिसत होते, आणि टोमॅटोच्या ढिगात त्याचा एक पाय. महादेवी बाजूला उभी होती. फोन तिनं छातीशी धरला होता आणि भोंगा बंद केला नव्हता.

अक्काच्या हातातला धोटा तसाच वर राहिलेला. त्याचं आता काय करायचं ते तिला कळत नसावं. मग तिनं मान वळवली आणि कांद्याच्या गोण्यांपलीकडं उभा असलेला मी तिला दिसलो. भोंगा कोकलत होता, सगळा बाजार ओरडत होता, पण चार मागांच्या घरात वाढलेला तो आवाज त्या सगळ्यावरून सरळ माझ्यापर्यंत आला.

"चित्रकार! दिसलं बे! तिला दिसलं!"